प्लास्टिकचा सॅक्सोफोन आणि सहा सीडींची पेटी

जानेवारी १९६२. ‘डाउनबीट’ या अमेरिकेतल्या जॅझच्या वजनदार नियतकालिकाने एकाच रेकॉर्डची दोन परीक्षणं एकत्र छापली. पीट वेल्डिंग या समीक्षकाने तिला पाचपैकी पाच तारे दिले. जॉन टायनन या दुसऱ्या समीक्षकाने एकही दिला नाही. अर्धासुद्धा नाही. दोघंही जॅझमधले जाणकार, दोघांनी तीच तबकडी ऐकलेली, आणि एकाला त्यात शिखर दिसलं तर दुसऱ्याला काहीच दिसलं नाही.

रेकॉर्डचं नाव ‘फ्री जॅझ’. वादक ऑर्नेट कोलमन.

आज या माणसाबद्दल लिहायचंय, आणि त्याच्यापर्यंत पोचवणाऱ्या एका पेटीबद्दल. ‘ब्युटी इज अ रेअर थिंग’ हे तिचं नाव. १९९३ साली रायनो या कंपनीने काढलेला सहा सीडींचा संच. ऑर्नेटने अटलांटिक या कंपनीसाठी १९५९ ते १९६१ या काळात जे वाजवलं आणि त्यातलं जे वाचलं, ते सगळं त्यात आहे.

मंडळी, जॅझ म्हटलं की आपल्याकडे ‘ते आपलं नव्हे’ असं म्हणायची पद्धत आहे. पण आपल्या कानांना जॅझ परकं नाही. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतले कृष्णवर्णीय वादक येऊन वाजवत होते. त्यांच्याकडून ही विद्या गोव्याच्या ख्रिस्ती वादकांनी उचलली आणि पोटापाण्यासाठी हिंदी सिनेमाच्या ध्वनिमुद्रणांत नेली. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी १९५१ च्या ‘अलबेला’त जी धमाल उडवली, त्यात चिक चॉकलेट या गोवेकर ट्रम्पेटवाल्याचा मोठा हात होता. म्हणजे लग्नाच्या वरातीत बँडवाल्यांनी ‘शोला जो भडके’ वाजवलं तेव्हा जॅझच्या मुळाशी नातं सांगणारं काहीतरी आपल्या गल्लीतूनही गेलंच होतं.

पण ते जॅझ नाचायचं होतं. ऑर्नेटचं जॅझ वेगळं. ते का वेगळं आणि त्याबद्दल लोक एवढे का चिडले, हे कळायला त्याच्या गावापासून सुरुवात करावी लागते.

*

ऑर्नेटचा जन्म मार्च १९३० चा, टेक्सास राज्यातल्या फोर्ट वर्थचा. वडील तो लहान असतानाच गेले. घर गरीब. सॅक्सोफोन हवा असेल तर काम कर आणि पैसे साठव, असं आईने सांगितलं. पोराने बूट पॉलिश करून पैसे जमवले आणि चौदा वर्षांचा असताना वाद्य हातात आलं. शिकवणारा गुरू नाही. पुस्तकातून आणि कानाने शिकला.

टेक्सासमध्ये तेव्हा शाळा वेगळ्या, बसायच्या जागा वेगळ्या, पाण्याचे नळ वेगळे. कृष्णवर्णीय मुलांसाठी शहरात आय. एम. टेरेल हायस्कूल होतं. या एका शाळेतून ऑर्नेट निघाला, किंग कर्टिस निघाला, ड्यूई रेडमन निघाला, जॉन कार्टर आणि चार्ल्स मॉफेट निघाले. जॅझच्या इतिहासात ही सगळी नावं आहेत. ज्या व्यवस्थेने मुलांना एका कोपऱ्यात कोंबलं, त्याच कोपऱ्यात एवढे वादक तयार झाले. यात व्यवस्थेचं कौतुक नाही. कौतुक असेल तर त्या शाळेतल्या शिक्षकांचं आणि पोरांचं.

त्या शाळेच्या बँडमधूनही ऑर्नेटला काढलं होतं. कारण काय, तर ‘वॉशिंग्टन पोस्ट’ ही लष्करी थाटाची धून वाजवताना त्याने मध्येच स्वतःच्या मनाचं वाजवलं. पुढच्या पन्नास वर्षांचं भांडण तिथेच दिसतं.

१९४९ साली तो एका फिरत्या तंबू-खेळाबरोबर बाहेर पडला. आपल्या तमाशाच्या फडासारखाच प्रकार: गाणी, विनोद, नाच, गावोगाव मुक्काम. लुइझियानातल्या बॅटन रूज गावी एका कार्यक्रमानंतर त्याला मारहाण झाली आणि त्याचा सॅक्सोफोन मोडून टाकला गेला. ज्याने बूट पुसून वाद्य घेतलंय त्याचं वाद्य मोडणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

पुढे तो लॉस एंजेलिसला आला. तिथे एका मोठ्या दुकानात लिफ्टमन म्हणून नोकरी. लिफ्ट रिकामी असली की हा संगीतशास्त्राची पुस्तकं वाचायचा. रात्री क्लबमध्ये जाऊन ‘मला दोन गाणी वाजवू द्या’ म्हणायचा. तो वाजवायला लागला की काही वादक सरळ मंच सोडून निघून जायचे. याला सूर कळत नाही, याला ताल कळत नाही, हा वेडा आहे. केस वाढवलेले, कपडे विचित्र, त्यात हातात प्लास्टिकचा सॅक्सोफोन.

हो, प्लास्टिकचा. १९५४ साली त्याला नवा सॅक्सोफोन घ्यायचा होता आणि पितळेचा परवडत नव्हता. इंग्लंडमध्ये ग्राफ्टन नावाचा, दुधी रंगाच्या ॲक्रिलिकचा, स्वस्तातला सॅक्सोफोन बनायचा. तो त्याने घेतला. लोकांनी ‘खेळणं’ म्हणून हसायला सुरुवात केली. गंमत बघा, १९५३ साली टोरोंटोच्या गाजलेल्या मैफलीत खुद्द चार्ली पार्करने हेच वाद्य वाजवलं होतं. पार्करच्या हातात होतं तेव्हा कुणी हसलं नाही. हसणारे वाद्याला हसत नसतात, ते कुणाच्या हातात आहे हे आधी बघतात.

*

आता तो नेमकं काय वेगळं करत होता, ते साध्या शब्दांत.

आपल्या मैफलीत तंबोरा एक सूर धरून असतो आणि गवई रागाच्या हद्दीत हिंडतो. जॅझमध्ये तसं नव्हतं. तिथे गाण्याखाली सुरांचे गुच्छ असतात, त्यांना कॉर्ड म्हणतात. प्रत्येक गाण्याची कॉर्डची साखळी ठरलेली. आधी सगळ्यांनी मिळून मुखडा वाजवायचा, मग ती साखळी आवर्तनासारखी गोल गोल फिरत राहते आणि एकेक वादक तिच्यावर आपली उपज करतो. पार्करच्या पिढीने ही साखळी इतकी गुंतागुंतीची आणि वेगवान केली, की वादकाचं कौशल्य म्हणजे धावत्या गाडीच्या डब्यांवरून न पडता उड्या मारणं असं झालं.

ऑर्नेटने साखळीच सोडून दिली. मुखडा ठेवला. मुखड्याची भावना ठेवली. पण नंतर उपज करताना चाल जिकडे नेईल तिकडे जायचं आणि साथीदारांनी कान उघडे ठेवून मागून यायचं. म्हणून त्याने पियानो काढून टाकला, कारण पियानोवाला कॉर्ड वाजवणार आणि रस्ता आधीच ठरणार. राहिले चौघं: स्वतः ऑर्नेट, छोटासा कॉर्नेट वाजवणारा डॉन चेरी, उभ्या बासवर चार्ली हेडन आणि ड्रमवर बिली हिगिन्स.

यातला हेडन गोरा. त्याच्या घरच्यांचा लोकगीतांचा रेडिओ कार्यक्रम असायचा, दोन वर्षांचा असल्यापासून तो त्यात गायचा. पुढे पोलिओने आवाज बिघडला म्हणून बासकडे वळला. म्हणजे अमेरिकेच्या मधल्या प्रांतातल्या गोऱ्या शेतकऱ्यांची गाणी आणि टेक्सासच्या कृष्णवर्णीयांचं ब्लूज या चौकडीत एकत्र आलं. ज्याला लोक ‘परग्रहावरचं संगीत’ म्हणत होते, ते खरं तर गावाकडचंच होतं.

रेकॉर्डिंगपर्यंत तो पोचला तेही आडवाटेने. कंटेम्पररी या कंपनीच्या लेस्टर केनिगकडे तो स्वतःच्या चाली विकायला गेला होता. इतरांनी वाजवाव्यात म्हणून. केनिगने ऐकून घेतलं आणि म्हटलं, तूच वाजव. त्यातून १९५८ ला पहिली रेकॉर्ड आली. पुढे मॉडर्न जॅझ क्वार्टेटच्या जॉन लुईसने त्याची बाजू घेतली आणि १९५९ च्या उन्हाळ्यात ऑर्नेट व चेरी मॅसॅच्युसेट्समधल्या लेनॉक्सच्या जॅझ शाळेत गेले. अटलांटिक कंपनीचं दार तोवर उघडलं होतंच. ही कंपनी अमेरिकेतल्या तुर्की राजदूताच्या पोरांची, एर्टेगुन बंधूंची. रे चार्ल्सच्या गाण्यांवर त्यांनी नाव आणि पैसा दोन्ही कमावलं होतं. भावांपैकी नेसुही जॅझ बघायचा.

नोव्हेंबर १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट या क्लबमध्ये या चौकडीचा दोन आठवड्यांचा कार्यक्रम ठरला. तो लांबत लांबत अडीच महिने चालला. सगळं शहर ऐकायला लोटलं. लिओनार्ड बर्नस्टाईनने उचलून धरलं. रॉय एल्ड्रिजसारख्या जुन्या जाणत्या ट्रम्पेटवाल्याला हा निव्वळ बनाव वाटला. हा माणूस आतूनच पिळवटलेला आहे, अशा अर्थाचं माइल्स डेव्हिस बोलून गेला.

हे सगळं कुठल्या हवेत चाललंय तेही लक्षात घ्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माइल्स डेव्हिसला बर्डलँड क्लबच्या दाराशी, जिथे तो स्वतः वाजवत होता, पोलिसाने डोक्यात मारून रक्तबंबाळ केलं होतं. त्याचा फोटो जगभर गेला. आणि फाइव्ह स्पॉटमधला मुक्काम संपत होता तेव्हा, १ फेब्रुवारी १९६० ला, ग्रीन्सबोरो गावात चार कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसले आणि उठले नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी आपल्यासारख्या बातमीदारांच्या नजरेला लगेच टोचते. न्यूयॉर्कमध्ये दारू मिळणाऱ्या ठिकाणी वाजवायचं तर पोलिसांनी दिलेलं कॅबरे कार्ड लागायचं. पोलिसांची मर्जी फिरली की कार्ड गेलं, कार्ड गेलं की रोजी गेली. बिली हॉलिडेचं गेलं, थेलोनियस मंकचं गेलं. १९६० मध्ये बिली हिगिन्सचं गेलं आणि त्याच्या जागी न्यू ऑर्लिन्सचा एड ब्लॅकवेल आला. समीक्षक पुढे लिहितात की या काळात ऑर्नेटच्या संगीताची लय बदलली. बदलली, खरंच बदलली. पण ती का बदलली याच्या उत्तरात एक पोलिसी परवाना आहे, हेही लिहायला हवं. १९६७ पर्यंत ही पद्धत चालली.

*

आता पेटीकडे येऊ.

२२ मे १९५९ ला हॉलिवूडमध्ये या चौघांनी अटलांटिकसाठी पहिल्यांदा ध्वनिमुद्रण केलं. एका दिवसात आठ तुकडे वाजवले. त्यातले सहा निवडून ‘द शेप ऑफ जॅझ टू कम’ ही रेकॉर्ड निघाली. म्हणजे ‘जॅझचं येणारं रूप’. नाव केवढं छातीठोक! लोकांना वाटलं, काय हा गर्व. पण हे नाव सुचवलं होतं नेसुही एर्टेगुनने. ऑर्नेटच्या मनात ‘फोकस ऑन सॅनिटी’ होतं, म्हणजे शहाणपणाकडे लक्ष द्या. ज्याला सगळे वेडा म्हणतायत त्याने असं नाव ठेवायचं म्हटलं होतं, आणि कंपनीला त्यापेक्षा खपणारं नाव हवं होतं.

२२ मे १९५९ ते २७ मार्च १९६१. मोजून बावीस महिने. एवढ्यात त्याने सहा रेकॉर्डींपुरतं, आणि वर उरेल एवढं वाजवून ठेवलं. डिसेंबर १९६० चे तीन दिवस बघा. १९ आणि २० तारखेला गुंथर शुलर या शास्त्रीय वळणाच्या रचनाकाराबरोबरचं काम, आणि २१ ला ‘फ्री जॅझ’. दोन चौकड्या, एक डाव्या स्पीकरमधून तर दुसरी उजव्या. आठ माणसं, सदतीस मिनिटं, सलग. मुखपृष्ठावर जॅक्सन पोलॉकचं चित्र. याच रेकॉर्डला पाच तारे आणि शून्य तारे मिळाले.

त्यानंतर अटलांटिकशी संबंध संपला आणि उरलेल्या फिती कपाटात गेल्या. १९७० ला त्यातल्या काहींची एक रेकॉर्ड काढली, १९७१ ला दुसरी, १९७५ ला तिसरी, तीही फक्त जपानमध्ये. २२ मे १९५९ च्या त्या आठ तुकड्यांपैकी सहा १९५९ ला आले, एक १९७० ला आणि एक १९७१ ला. एका दिवसाचं काम तीन तबकड्यांत आणि बारा वर्षांत विखुरलेलं. ऐकणाऱ्याला कळणार कसं, की हे एकाच दुपारचं वाजवणं आहे?

१९९३ च्या पेटीने हे नीट लावलं. रेकॉर्डींचा क्रम मोडला आणि ध्वनिमुद्रणाचा क्रम घेतला. ज्या दिवशी जे ज्या क्रमाने वाजवलं, तसं. मूळ रेकॉर्ड सुरू होते ‘लोनली वुमन’ने, कारण ती सर्वांत पकडणारी चाल. पेटी सुरू होते ‘फोकस ऑन सॅनिटी’ने, कारण त्या दिवशी ते पहिलं मुद्रित झालं. ज्या नावाची रेकॉर्ड कधी निघाली नाही, तो तुकडा चौतीस वर्षांनी दाराशी येऊन उभा राहिला. हे कुणी मुद्दाम केलं असं नाही. तारखेप्रमाणे लावलं की कधी कधी असा न्याय होतो.

या क्रमाचा दुसरा फायदा मोठा आहे. सलग ऐकताना लक्षात येतं की हा माणूस उडी मारून ‘फ्री जॅझ’वर पोचला नाही. मे १९५९ मध्ये चाली स्पष्ट आहेत, गुणगुणता येतात. त्या ऑक्टोबरात ‘रॅम्बलिन’सारखं टेक्सासच्या धुळीचं ब्लूज आहे, हेडन मध्येच लोकगीताच्या चाली बासवर काढतो. १९६० च्या उन्हाळ्यात ब्लॅकवेल येतो, त्याच्या ढोलासारख्या बोलांमुळे सगळं सैल, नाचरं होतं. त्याच उन्हाळ्यातली ‘ब्युटी इज अ रेअर थिंग’ ही रचना. इथे ताल जवळपास नाहीसा होतो आणि चौघंही आवाजाचे नुसते पडदे हलवत राहतात. तिचंच नाव पेटीला दिलंय. त्यानंतर डिसेंबरमध्ये आठ जणांची ती सदतीस मिनिटं. पायऱ्या सगळ्या दिसतात. ज्यांनी फक्त शेवटची पायरी ऐकली ते म्हणाले, हा वरून पडला.

पेटीवर आक्षेपही आहेत, आणि ते खोटे नाहीत. पहिला: जो पहिल्यांदा ऐकतोय त्याच्यासमोर सहा सीडी ठेवणं म्हणजे पोहायला शिकणाऱ्याला धरणात ढकलणं. दुसरा जास्त गंभीर: चाळीसेक मिनिटांची रेकॉर्ड हा एक घाट असतो, कुठला तुकडा कशानंतर यावा याचा विचार असतो. तारखेप्रमाणे लावलं की तो घाट मोडतो, आणि वगळलेलं व निवडलेलं एकाच पंगतीला बसतं. मान्य. पण ऑर्नेटच्या बाबतीत ती निवड, तो क्रम, ती नावं यात कंपनीचा वाटा किती होता हे वर पाहिलंच. आणि ज्याच्यावर ‘याला वाजवता येत नाही’ असा आरोप आहे, त्याचं फक्त निवडक ऐकवून चालत नाही. सगळी कागदपत्रं पटलावर ठेवावी लागतात.

सगळी? इथे एक अडचण आहे.

पेटीवर लिहिलंय, ‘संपूर्ण अटलांटिक ध्वनिमुद्रणं’. पण फेब्रुवारी १९७८ मध्ये न्यू जर्सीतल्या लाँग ब्रँच इथे अटलांटिकच्या गोदामाला आग लागली. हजारो फिती जळाल्या. बाजारात आलेल्या रेकॉर्डींच्या बऱ्याचशा मूळ प्रती न्यूयॉर्कला असल्याने वाचल्या. जळालं ते मुख्यतः न प्रसिद्ध झालेलं, पर्यायी, बाजूला ठेवलेलं. त्यात ऑर्नेटच्या फितीही गेल्या. म्हणजे कपाटातून १९७० च्या दशकात ज्या तीन रेकॉर्डी निघाल्या, त्या जरा आधी निघाल्या म्हणून वाचल्या. १९९३ चे संपादक ज्याला संपूर्ण म्हणतात ते म्हणजे आगीतून उरलेलं संपूर्ण.

एका कृष्णवर्णीय वादकाने बावीस महिने जीव ओतून केलेलं काम. त्यावर मालकी कंपनीची, निवड कंपनीची, कपाट कंपनीचं आणि आगही कंपनीच्या गोदामात. वादकाच्या हातात काय? ऑर्नेटला हा प्रश्न तेव्हाच पडला होता. क्लब भरतायत, रेकॉर्डी निघतायत, मग माझ्या घरात पैसा का नाही? त्याने आपला दर वाढवला. क्लबवाल्यांनी पाठ फिरवली. डिसेंबर १९६२ मध्ये त्याने स्वतः न्यूयॉर्कचा टाऊन हॉल भाड्याने घेऊन कार्यक्रम केला आणि त्यानंतर १९६५ पर्यंत तो जाहीर मंचावर आला नाही. या काळात तो ट्रम्पेट आणि व्हायोलिन शिकत बसला. लोक याला विक्षिप्तपणा म्हणतात. मी याला काम बंद म्हणेन.

‘फ्री’ या शब्दाचं आपण फार सोपं भाषांतर करतो. फ्री जॅझ म्हणजे वाट्टेल ते वाजवा, असं. पेटी ऐकली की उलटं कळतं. साखळी काढली की जबाबदारी वाढते. आधी चुकलात तर कॉर्ड सांभाळून घ्यायची, आता शेजारच्याचं ऐकलं नाहीत तर सगळंच कोसळतं. आठ माणसं सदतीस मिनिटं एकमेकांचं ऐकत बोलतात. आपल्या ग्रामसभेत किती मिनिटं जमतं, मोजून बघा.

*

ज्यांना ऐकायचंय त्यांच्यासाठी. सहाही सीडी सलग लावू नका. सगळं आता फोनवर मिळतं. मी सांगतो तो क्रम घ्या.

पहिलं ‘लोनली वुमन’. ऑर्नेटने सांगितलेली हकिकत अशी, की दुकानातल्या नोकरीत जेवणाच्या सुट्टीत तो एका कलादालनात शिरला आणि तिथे एका श्रीमंत गोऱ्या बाईचं चित्र पाहिलं. सगळं असून चेहऱ्यावर जगातलं एकटेपण. त्यावरून ही चाल. ऐकताना एक करा: ड्रमकडे लक्ष द्या, ते घाईत पळतायत. मग वरच्या दोन वाद्यांकडे, ती रेंगाळत रडतायत. बास मध्ये उभा राहून दोघांना धरून ठेवतोय. तीन वेगवेगळे काळ एकाच वेळी चालू आहेत. ज्याच्या घरी मयत झालंय आणि बाहेर रस्त्यावर रहदारी नेहमीसारखी चालू आहे, त्याला हे समजवावं लागणार नाही.

दुसरं ‘रॅम्बलिन’. पाय हलले नाहीत तर सांगा.

तिसरं ‘ब्युटी इज अ रेअर थिंग’. रात्री, दिवे घालवून.

हे तिन्ही दोन-चारदा झाल्यावरच ‘फ्री जॅझ’कडे जा, तेही हेडफोन लावून, म्हणजे डावी आणि उजवी चौकडी वेगळी ऐकू येईल. डावीकडच्या चौकडीत बासवर स्कॉट लाफारो आहे. हे वाजवून साडेसहा महिने झाले आणि पंचविसाव्या वर्षी तो मोटार अपघातात गेला. तरीही नाही आवडलं तर नाही आवडलं. टायननचे शून्य तारेही इतिहासाचा भागच आहेत, आणि तो काही मूर्ख माणूस नव्हता.

पुढचं थोडक्यात. १९६५ साली पुलित्झरच्या संगीत परीक्षकांनी ड्यूक एलिंग्टनच्या खास गौरवाची शिफारस केली होती आणि वरच्या मंडळाने ती फेटाळली. जॅझचा एवढा मोठा माणूस, तोही त्यांना चालला नाही. त्यानंतर बेचाळीस वर्षांनी, २००७ मध्ये, तेच पुलित्झर ऑर्नेट कोलमनला ‘साउंड ग्रामर’साठी मिळालं. लिफ्टमध्ये पुस्तकं वाचणारा, बँडमधून हाकललेला, प्लास्टिकचं वाद्य घेऊन दारोदार फिरलेला माणूस तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचा होता. ११ जून २०१५ रोजी तो गेला.

पुरस्कार मिळाला, चांगलंच झालं. पण मला विचाराल तर त्याच्या बाजूने खरी साक्ष पुरस्काराने दिलेली नाही. ती दिली कुणीतरी फितीच्या डब्यावर तारीख, ठिकाण आणि वादकांची नावं नीट लिहून ठेवली होती त्याने. त्या चार ओळी होत्या म्हणून तीस वर्षांनी सगळं क्रमाने लावता आलं आणि कोण काय वाजवत होता ते सिद्ध झालं. ज्या डब्यांना आग लागली, त्यांची साक्ष आता कुणीच देऊ शकत नाही.

तेव्हा एक विनंती. तुमच्या घरी माळ्यावर, ट्रंकेत, एखाद्या शाहिराची, भजनी मंडळाची, फडाची, आजीच्या ओव्यांची जुनी कॅसेट असेल तर आज रात्री ती काढा. आवाज कसा आहे, चांगला की वाईट, ते नंतर बघू. आधी तिच्यावर पेनाने लिहा: कोण, कुठे, कधी, साथीला कोण.